सहा सप्टेंबरचा जाहीरनामा

‘आपला तास’ या चळवळीचे पहिले निवेदन

दरवर्षी ५ सप्टेंबरला महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत एक गंमत घडते. सातवीतली मुलगी आईच्या साडीला ठिकठिकाणी पिना लावून चौथीच्या वर्गात शिरते. वर्ग उभा राहून एका सुरात ‘नमस्ते बाई’ म्हणतो. ती हजेरी घेते, खडू मोडून अर्धा करते, फळ्यावर तारीख आणि विषय लिहिते, अपूर्णांकांची बेरीज समजावते. एखादा मोठा मुलगा मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसतो आणि घंटा कधी द्यायची ते ठरवतो. खरे शिक्षक त्या दिवशी पाहुणे. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्मदिवस १९६२ पासून शिक्षक दिन म्हणून साजरा होतो. आपल्याकडच्या कितीतरी शाळा त्यालाच ‘स्वयंशासन दिन’ही म्हणतात. शेवटच्या तासाला मनोगते होतात. ‘शिकवणं किती अवघड असतं ते आज कळलं,’ असे कुणीतरी म्हणते. टाळ्या पडतात, फोटो निघतात.

मग ६ सप्टेंबर उजाडतो. तीच मुलगी तिसऱ्या बाकावर हाताची घडी घालून बसलेली असते. पाणी प्यायला जायचे तर हात वर करायचा आणि बाईंची नजर पडेपर्यंत थांबायचे. काल जिने चाळीस पोरांचा वर्ग सांभाळला, तिला आज स्वतःची बाटली भरायलाही परवानगी लागते. एका रात्रीत तिची अक्कल कुठे गेली? गेली नाही. आपणच ती साडीबरोबर घडी करून ठेवली, पुढच्या ५ सप्टेंबरपर्यंत.

हा जाहीरनामा त्या ६ तारखेसाठी आहे.

आम्ही शिक्षक आहोत, पालक आहोत, आणि आमच्यातले काही जण परवापरवापर्यंत विद्यार्थी होते. कुणी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवतो, कुणी महापालिकेच्या, कुणी आश्रमशाळेत, कुणी अनुदानित हायस्कूलमध्ये. आमची मागणी एका ओळीत मावते. शाळेच्या वेळापत्रकात रोज एक तासिका अशी असावी, जिच्यात काय करायचे ते मुले ठरवतील, कसे करायचे ते मुले ठरवतील आणि बिघडले तर निस्तरतीलही मुलेच. त्या तासिकेला आम्ही ‘आपला तास’ म्हणतो.

१. मुलांच्या हाती आज काय आहे

शाळेत मुलांना काहीच करू देत नाहीत, असे म्हणणे खोटे ठरेल. कामे पुष्कळ आहेत. वर्गाला मॉनिटर असतो. बाई बाहेर गेल्या की तो फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावे लिहितो. जो फार बोलेल त्याच्या नावापुढे फुल्या वाढत जातात. मॉनिटरच्या मित्रांची नावे बाई परत येण्याआधी पुसलीही जातात. अधिकार म्हणजे दुसऱ्याचे नाव फळ्यावर लिहिण्याची मुभा, हा राज्यशास्त्राचा पहिला धडा मूल असा घेते, नागरिकशास्त्राचे पुस्तक हाती पडण्याच्या कितीतरी आधी.

परिपाठही मुलेच घेतात. पण सुविचार पुस्तकातला, दिनविशेष मोबाइलवरून उतरवलेला आणि बातम्यांवर खुणा बाईंच्या. शालेय मंत्रिमंडळ असते. निवडणूक होते, शपथ होते, आरोग्यमंत्री आणि स्वच्छतामंत्री नेमले जातात. या मंत्र्यांकडे खाते असते, पण एक रुपयाचा निधी नसतो आणि एकही निर्णय त्यांच्याकडे येत नाही. प्रकल्पवही असते. ‘पाण्याचे महत्त्व’ हा प्रकल्प रात्री अकरा वाजता आई पूर्ण करते, दुकानातून आणलेली चित्रे बाबा चिकटवतात आणि सकाळी मुलाला शेरा मिळतो, ‘छान’. स्नेहसंमेलनात नाच मुलांचा, गाणे सरांच्या पसंतीचे, कपडे भाड्याचे.

या सगळ्यात राबणारे हात मुलांचे आहेत आणि ठरवणारे डोके दुसऱ्याचे. जो कधी ठरवत नाही, तो कधी खऱ्या अर्थाने चुकतही नाही. फार तर सांगितलेले नीट करत नाही. म्हणून ‘सर, आता काय करू?’ हा प्रश्न आपली मुले फार लवकर शिकतात आणि नोकरीला लागल्यावरही तो त्यांची पाठ सोडत नाही. तेव्हा आपणच कुरकुरतो की आजकालच्या पोरांत पुढाकारच नाही.

मुलांना मात्र शाळेतला एक तास मनापासून आवडतो. ऑफ तास. सर रजेवर आहेत हे कळले की वर्गात जो आवाज उठतो तो कुठल्याही बक्षीस समारंभात उठत नाही. त्या तासाला कागदाच्या विमानांच्या शर्यती लागतात, भेंड्या रंगतात, कुणीतरी मागच्या बाकावर पूर्ण एकाग्रतेने चित्र काढत बसते. नियम मुलांचे, पंच मुलांचे, भांडणे आणि तडजोडीही त्यांच्याच. आपण याला गोंधळ म्हणतो. आमच्या मते हा बिनमुकादमाचा कारखाना आहे. त्याला फक्त करण्याजोगे काम मिळालेले नाही.

२. हे खूळ नवे नाही

ही परदेशी फॅशन आहे, असे कुणी म्हणेल म्हणून आधीच सांगतो.

१८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे हिचा निबंध छापून आला. जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत जेमतेम तीन वर्षे शिकलेली ही मुलगी मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिते आणि लिहिता लिहिता धर्मालाच जाब विचारते. फळ्यावर पाच मुद्दे देऊन असा निबंध लिहून घेता येत नाही. विचारायची मुभा ज्या वर्गात असते, तिथेच तो जन्मतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. वेगवेगळ्या जातींची मुले तिथे एका छताखाली राहिली, एका पंक्तीला जेवली आणि वसतिगृहाची कामे त्यांनी स्वतः केली. ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्याच विचारातून आली. ज्या काळात गावात पाणवठे वेगळे होते, त्या काळात या मुलांनी एकत्र चूल चालवली. ही गोष्ट व्याख्यानाने झाली नसती.

१९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामाभोवती शिक्षण उभे करण्याचा विचार मांडला. १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. मूल गुरांमागे जाते तर शाळा गुरांमागे गेली, ती कुरणशाळा. १९८५ मध्ये लीलाताई पाटलांनी कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले आणि प्राथमिक शाळेतले मूल किती विचार करू शकते हे वर्षानुवर्षे नोंदून दाखवले.

बाहेरही सोबती आहेत. पोलंडमध्ये यानुश कोर्चाक या डॉक्टरने वॉर्साच्या अनाथाश्रमात मुलांचे न्यायालय चालवले. खटले मुले दाखल करत, निवाडा मुले देत, आणि खुद्द कोर्चाकवरही त्या न्यायालयात खटले चालले. राजस्थानात तिलोनियाच्या परिसरात दिवसा गुरे राखणारी आणि रात्री शिकणारी मुले आपली बाल संसद निवडून देत आली आहेत.

इतिहासात एक इशाराही आहे, तो लपवणार नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल याने मद्रासमध्ये देशी शाळांतली वाळूवर अक्षरे गिरवणारी मुले पाहिली आणि मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेण्याची पद्धत बसवली. १७९७ मध्ये त्याने तिच्याविषयी इंग्लंडमध्ये पुस्तिका छापली. पुढे ही ‘मद्रास पद्धत’ तिकडे फोफावली, कारण ती स्वस्त होती: एक मास्तर, शेकडो मुले आणि मधे पाठांतर करून घेणारे मॉनिटर. आपल्या फळ्याच्या कोपऱ्यातला मॉनिटर त्याच घराण्यातला. मुलांच्या शहाणपणाचा शोध लागला आणि लगेच त्याचा उपयोग पगार वाचवण्यासाठी झाला. म्हणून पहिल्याच बैठकीत आम्ही हे लिहून ठेवले: ‘आपला तास’ ही शिक्षकाच्या रिकाम्या जागेची भरपाई नाही. ‘मुले स्वतःच शिकतात, मग शिक्षक कशाला?’ असे म्हणून कुणी पद गोठवेल किंवा कमी पटाची शाळा बंद करेल, तर त्याच्या विरोधात सर्वांत पुढे आम्ही असू.

३. ‘आपला तास’ कशाला म्हणायचे: पाच कसोट्या

नाव बदलून जुनाच उपक्रम चालवणे आपल्याला चांगले जमते. म्हणून कसोट्या आधीच ठरवून टाकल्या आहेत.

निवड. काम मुलांनी निवडलेले असावे. शिक्षक दहा गोष्टी सुचवू शकतो. दहाही नाकारण्याचा हक्क वर्गाला हवा.

नियोजन. सामान काय लागेल, कुठून येईल, किती दिवस जातील, कोण काय करेल, हे कागदावर मुलांनी उतरवावे. कागद वहीचे फाडलेले पान असले तरी चालेल.

वाटणी. कामे फिरती असावीत. एकच हुशार मुलगा कायमचा प्रमुख आणि एकच अबोल मुलगी कायमची पाणी आणणारी, असे झाले तर तो तास आपला राहिला नाही.

चूक. बिघडू देण्याइतकी जागा असावी. ज्या कामात बिघाड शक्यच नाही, ते काम मोठ्यांनी आधीच करून ठेवलेले असते.

हिशेब. आठवड्याला एकदा वर्गसभा. काय ठरले होते, काय झाले, पैसे असतील तर किती आले आणि कुठे गेले, हे सर्वांसमोर वाचून दाखवायचे आणि वहीत लिहायचे. वही वर्गाची. तिच्यावर तपासणीची सही नको.

४. त्या तासात काय चालते

पावसाचेच घ्या. जूनमध्ये सहावीच्या वर्गाने ठरवले की गावाचा पाऊस आपण मोजायचा. सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली, वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवलेला, तळाचा खडबडीतपणा बुडेल इतके खडे आणि पाणी, तिथे शून्याची रेघ, बाजूला पट्टी. इतके कुठल्याही विज्ञानाच्या पुस्तकात सापडते. खरा तास पुढे सुरू होतो. हवामान खाते रोज सकाळी साडेआठला पावसाची नोंद घेते, म्हणून आपलीही वेळ तीच हवी. शाळा तर साडेदहाला भरते. मग नोंद कोण घेणार? शाळेजवळ राहणारा. रोज तोच का? रविवारी काय? पोळ्याला काय? बाटली गाईने पाडली त्या दिवशी वहीत काय लिहायचे, शून्य की ‘नोंद नाही’? शेवटच्या प्रश्नावर वर्ग दोन दिवस भांडू शकतो. भांडू द्यावे. न मोजलेला पाऊस आणि न पडलेला पाऊस यांतला फरक ज्याला बाराव्या वर्षी कळला, त्याला पुढे आकडे दाखवून सहजासहजी फसवता येणार नाही.

आणि गणित तर दाराशी येऊन उभेच राहते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर ऐंशी चौरस मीटर असेल आणि रात्रीत पंचवीस मिलिमीटर पडला, तर छपरावरून दोन हजार लिटर पाणी वाहून गेले. ‘मग एप्रिलमध्ये आपल्या टाकीत पाणी का नसतं?’ हा प्रश्न मुलांच्या तोंडून आला की ‘पाण्याचे महत्त्व’ या प्रकल्पवहीची गरज उरत नाही. पुढचे काम ग्रामपंचायतीला अर्ज लिहिण्याचे. तो भाषेचा तास झाला.

दुसरे उदाहरण आमच्या फजितीचे. आमच्यापैकी एका बाईंच्या वर्गाने वाचनपेटी स्वतः चालवायला घेतली. मुलांनी पहिला नियम केला दंडाचा: पुस्तक उशिरा आणले तर रोज एक रुपया. बाईंना पुढचे दिसत होते, तरी त्या गप्प राहिल्या. तीन आठवड्यांत नोंदवही ओस पडली. दंड झालेली मुले पेटीकडे फिरकेनात, न झालेली भीतीने पुस्तक घेईनात. वर्गसभेत खजिनदाराने अभिमानाने सांगितले की चौदा रुपये जमले. एका मुलीने विचारले, ‘आपण पैसे जमवायला पेटी काढली होती का?’ दंड रद्द झाला. पुस्तके पुन्हा फिरू लागली. दोन मात्र शेवटपर्यंत सापडली नाहीत. ती नोंदवहीत ‘हरवली’ अशीच आहेत. बाईंनी स्वतःच्या पैशाने आणून तो रकाना गुपचूप भरला नाही, याचा आम्हांला आनंद आहे.

बाकीची यादी प्रत्येक गावाची वेगळी असेल. भित्तिपत्रक, परसबाग, बचत बँक, बाजारच्या दिवशी दुकान, गावातल्या विहिरींचा नकाशा, आजीकडून ऐकलेल्या ओव्यांची वही, लहान वर्गांसाठी खेळ, बंद पडलेल्या सायकलींची दुरुस्ती. आम्ही जाणूनबुजून यादी लांबवत नाही. आम्ही छापली की ती अभ्यासक्रम होईल.

५. झाडू कुणाच्या हातात

स्वयंशासन म्हणजे आपोआप न्याय, असा आमचा भ्रम नाही. मुले घरून आणि गावातून येतात आणि गाव सोबत घेऊन येतात. मोकळे सोडले की मुली झाडू उचलतात आणि मुले सूचना देतात. स्वच्छतागृह धुवायची पाळी कुणावर येते हे पाहिले तर कितीदा जातीची उतरंड समोर दिसते. बोलकी मुले ठरवतात आणि अबोल मुले माना डोलावतात. इथे शिक्षकाने गप्प राहणे म्हणजे अन्यायाला सही देणे होय.

म्हणून तीन गोष्टी मतदानाला टाकायच्या नाहीत. एक, प्रत्येक काम प्रत्येकाच्या वाट्याला येईल. झाडूही आणि खजिनाही. दोन, कुणाचा अपमान होईल असा नियम वर्गाला करता येणार नाही, बहुमत असले तरीही. तीन, वर्गसभेत हात वर करणाऱ्यांच्या आधी न बोललेल्यांना विचारले जाईल, आणि ज्याला बोलता येत नाही तो लिहून, चित्र काढून किंवा मित्राकरवी आपले म्हणणे मांडेल.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी खास कलम हवे. मराठवाड्यातल्या कितीतरी वर्गांतली मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे रांगेने गैरहजेरी पडत जाते. ‘आपला तास’मध्ये त्यांच्याकडे काम असते, आणि ज्याच्याकडे काम आहे तो नुसता गैरहजर नसतो. जाण्याआधी त्याने आपल्या कामाची सोपवणूक लिहून द्यायची: परसबागेत कुठल्या वाफ्याला कधी पाणी, बाटलीची पट्टी कुठून वाचायची. परत आल्यावर ते काम त्याला त्याच वहीतून परत मिळेल. मधल्या काळात त्याच्या नावाखाली दुसरे कायमचे नाव लिहायचे नाही.

६. शिक्षकाने काय करायचे

सर्वांत अवघड काम त्याचेच आहे. त्याने वर्गात असायचे, मागच्या बाकावर बसायचे आणि ओठांवर आलेले उत्तर गिळायचे. इजा होईल तिथे तत्काळ उठायचे: विळी, विस्तव, विहीर, वीज यांचे निर्णय मोठ्यांचेच. अपमान दिसला तर थांबवायचे. बाकी वेळी विचारले तरच सांगायचे, आणि सांगतानाही आधी विचारायचे, ‘तुम्हांला काय वाटतं?’

हे लिहायला सोपे आहे. पाच मिनिटांत आपण लावून दिली असती ती रांग मुले पंचवीस मिनिटे लावत असतात, तेव्हा हाताला मुंग्या येतात. आम्हां सर्वांना येतात. त्यावर उपाय एकच सापडला. शिक्षकाने त्या तासाला वही घेऊन बसावे आणि कोण काय करते ते लिहीत जावे. लिहिणारा हात मधे पडत नाही. आणि गणितात ‘ढ’ म्हणून सोडून दिलेला पोरगा सायकलची साखळी बसवताना चार जणांना कसा समजावतो, हे त्या वहीतच सापडते.

७. आक्षेप आणि आमची उत्तरे

*‘पोर्शन कसा पूर्ण होणार?’* शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन सांगितले आहे. रोजची पस्तीस मिनिटांची तासिका धरली तर वर्षाचे साधारण १२८ तास होतात. हा वेळ कमी नाही, हे मान्य. पण वेळापत्रकात कार्यानुभव, चित्रकला आणि खेळाचे तास आजही छापलेले असतात, आणि परीक्षा जवळ आली की ते गणित-इंग्रजीला देऊन टाकले जातात. आधी ते परत करा. उरलेला वेळ भाषा आणि परिसर अभ्यासातून येईल, कारण अर्ज, हिशेब, नकाशा आणि नोंदी हाही अभ्यासच आहे.

*‘शिष्यवृत्ती परीक्षेत गुण कमी पडले तर?’* ‘आपला तास’मुळे गुण वाढतील, असे आश्वासन आम्ही देत नाही. गुणांसाठी तो नाहीच. ज्या पालकांना फक्त गुण हवेत, त्यांना आम्ही फसवणार नाही. त्यांना वर्गसभेला येऊन मागे बसण्याचे निमंत्रण आहे.

*‘एका वर्गात साठ मुले आहेत.’* तर मग गट करा, आणि सोबत शिक्षकही मागा. कायद्यातले प्रमाण पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक असे आहे. ते मिळेपर्यंत मुलांना अडवून ठेवणे हा उपाय होत नाही.

*‘केंद्रप्रमुख आले आणि वर्गात गलका दिसला तर?’* त्यांना कलम २९ दाखवा. २००९ च्या त्या कायद्यात, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, मुलांनी कृतीतून, शोधातून शिकावे आणि भीतीमुक्त असावे असे लिहिले आहे. भारताने १९९२ मध्ये मान्य केलेल्या बालहक्क संहितेचे बारावे कलमही मुलाचे मत ऐकून घ्यायला सांगते. आमच्या वर्गातला गलका कायद्याला धरून आहे.

*‘मुलांना एवढी अक्कल असते का?’* ५ सप्टेंबरला शाळेत या.

८. आमच्या मागण्या आणि आमचे नेम

शाळांकडे: वेळापत्रकात ‘आपला तास’ शाईने लिहा, पेन्सिलने नको. मुलांच्या कामासाठी वर्गाचा एक कोपरा, एक कपाट आणि त्या कपाटाची किल्ली द्या. किल्ली मुलांकडे राहील. फळ्यावर नावे लिहिणारा मॉनिटर आजपासून बंद.

शासनाकडे: शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ पाळा. जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक वगळता शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला जुंपू नये, असे ते कलम म्हणते. रिकाम्या जागा भरा. आणि कृपा करून या चळवळीवर शासन निर्णय काढू नका. ‘आपला तास’ सक्तीचा झाला, त्याचे निकष ठरले, फोटोसह अहवाल दर शनिवारी अपलोड करा असा आदेश निघाला की तो तास मुलांचा राहणार नाही.

पालकांकडे: प्रकल्पवहीला हात लावू नका. वाकडे चिकटवलेले चित्र वाकडेच शाळेत येऊ द्या. मूल घरी येऊन सांगेल की आज आमचे ठरवलेले सगळे फसले, तेव्हा ‘मग सर काय करत होते?’ असे विचारण्याआधी ‘मग तुम्ही काय केलंत?’ असे विचारा.

आम्ही स्वतः: या चळवळीत स्पर्धा नसेल, क्रमांक नसेल, आदर्श शाळेचा पुरस्कार नसेल. मुलांचे काम मंचावर दाखवायला आम्ही त्यांना नेणार नाही. ज्याला पाहायचे आहे त्याने वर्गात यावे. महिन्यातून एकदा आम्ही एकमेकांच्या शाळेत जाऊ, मागच्या बाकावर बसू आणि आमच्या फजित्या एकमेकांना वाचून दाखवू. जो शिक्षक फक्त यशाच्या गोष्टी आणेल, त्याला आम्ही पुन्हा विचारू.

९. मुलांनो,

हे निवेदन मोठ्यांनी लिहिले आहे, ही त्यातली सर्वांत मोठी चूक आहे. तुम्ही ते वाचा, खोडा, त्यात भर घाला. ‘आपला तास’ हे नावसुद्धा आम्ही ठेवलेले आहे. तुमच्या वर्गाला दुसरे आवडले तर बदला. तुम्हांला हा तास नकोच असेल, तर तेही वर्गसभेत ठरवून आम्हांला कळवा. फक्त वर्गसभा मात्र तुमची हवी.

आमची सुरुवात अगदी लहान आहे. येत्या ५ सप्टेंबरला नेहमीसारखाच शिक्षक दिन होऊ द्या. साड्या, पिना, मनोगते, सगळे. संध्याकाळी मुले घरी गेल्यावर आम्ही फळा पुसणार नाही. चौथीच्या वर्गात त्या सातवीच्या मुलीने लिहिलेली तारीख आणि अर्धवट राहिलेली अपूर्णांकांची बेरीज तशीच राहील. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते फळे तसेच ठेवून मागच्या बाकावर जाऊन बसू. खडू फळीवर असेल. पहिला तास तुमचा. काल तुम्ही जिथे सोडले, तिथून पुढे काय करायचे, ते तुम्हीच ठरवा.